उजव्या नळीचा चुर्र

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या शाळेत नववीचे गणिताचे पेपर तपासत होते. "सुनंदा, लगेच ये गं... हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. दादा म्हणजे सकाळी उठून कुठेतरी निघणारा माणूस, मला दुसरं काही सुचलंच नाही. अर्ध्या तासात भांडुपला पोचले, तर त्यांच्या इमारतीच्या आवारात त्याची मोटरसायकल स्टँडवर उभी होती. शेजारी पाण्याचा पेला आणि स्टीलचा चमचा. इंजिन बंद करून तो चहाला वर गेला, खुर्चीत बसला आणि संपला. जिना चढायच्या आधी मी तिच्या धुराच्या डाव्या नळीला हात लावला. कोमट होती. उजवी थंडगार. शेवटच्या सकाळीही दादाला उजवी तापवणं जमलं नव्हतं, हे मला वर जायच्या आधीच कळलं.

पाच आठवडे झाले, आता नीट सांगता येईल असं वाटतं. दिगंबर परब, माझा सख्खा मोठा भाऊ. कांजूरमार्गच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून आयुष्य गेलं. भांडुपला जन्मला, तरी खूश झाला किंवा चिडला की थेट मालवणीत शिरायचा. जवानीत त्याने ही दोन सिलिंडरची गाडी घेतली होती आणि मी कॉलेजात असताना आरे कॉलनीच्या रस्त्यांवर मला ती चालवायला शिकवली होती. आई ओरडली तेव्हा म्हणाला, "गप रव गे आये, ती माझ्यापेक्षा बरी चालवता." ते साफ खोटं होतं. मी नुकतीच एका गोठ्याच्या कुंपणात घुसले होते.

पुढे संसार, ड्युटी, पोरं, आणि गाडी ताडपत्रीखाली. निवृत्तीनंतर त्याने ती पुन्हा उघडली आणि जाहीर केलं की येत्या शिमग्याला गावी जायचं ते हिच्यावरून. मालवणपर्यंत! वहिनीने कपाळावर हात मारला, मी मात्र टाळ्या वाजवल्या. गाडी सुरूही झाली झकास. दसरा झाला आणि तिला ते दुखणं लागलं.

दुखणं सोपं होतं, निदान सांगायला. या गाडीत दोन सिलिंडर, प्रत्येकाला पेट्रोल-हवा पाजणारा आपापला कार्ब्युरेटर आणि धूर सोडणारी आपापली नळी. दोन्हींकडे सारखं जळण झालं तर दोन्ही नळ्या सारख्या तापायला हव्यात. दादा गाडी पाच मिनिटं नुसती जागेवर चालू ठेवायचा आणि चमच्याने एकेका नळीवर पाण्याचे चार थेंब सोडायचा. डावीवर चुर्र! थेंब नाचत उडून जायचे. उजवीवर थेंब मुकाट्याने ओघळायचे. "उजवी रुसली गो!" तो ओरडायचा, आणि त्या ओरडण्यात वैताग कमी, आनंदच जास्त असायचा. मी त्याला इमारतीच्या वॉचमनकडची कपाळाला लावायची तापमापक बंदूक आणून दिली. तिने इंग्रजीत नुसतं 'हाय' दाखवलं. दादा म्हणाला, "नमस्कार करता बिचारी," आणि पुन्हा चमचा उचलला.

मी दर रविवारी मुलुंडहून जायला लागले. गणित शिकवणाऱ्या बाईला याहून चांगली करमणूक कुठली! दादाची पद्धत म्हणजे अदलाबदल. एका वेळी एकच वस्तू उजवीकडची डावीकडे घालायची आणि बघायचं, दुखणं वस्तूबरोबर जातं की जागेवरच राहतं. प्लग बदलले, दुखणं उजवीकडेच. वायर, कॉइल बदलली, तरी उजवीकडेच. प्लग काढून भोकावर अंगठा ठेवून किक मारली, दोन्हीकडचा दाब सारखाच. कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक जेट बदलल्या, तरीही उजवीकडेच! प्रत्येक वेळी आम्ही दोघं थेंबांकडे डोळे लावून बसायचो, श्वास रोखून, आणि थेंब ओघळले की दादा मांडीवर थाप मारायचा. "मस्त! आणखी एक सुटलो." गुन्हेगार सापडला नाही म्हणून इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा तर मला मागे बसवून त्याने थेट आरेत नेलं. वेगात गाडी पळवून थांबवली, थेंब सोडले, आणि दोन्ही नळ्यांवर चुर्र! म्हणजे पळताना दोन्ही ठीक, जागेवर उभी असली की उजवी थंड. उजवा प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. "पेट्रोल जास्त जाता," दादा म्हणाला. मी म्हटलं, "किंवा हवा कमी पडतेय." "तुका काय कळता? फिल्टर नवो आसा." झालं. तो पेट्रोलच्या मागे लागला तो लागलाच. कार्ब्युरेटर काढायचा, धुवायचा, तोंडाकडून जोरात फुंकायचा, पुन्हा बसवायचा. मी म्हणायचे, "असू दे ना, निघ तू गावाला, एवढ्याने काय होतंय?" तेवढ्यापुरता तो गंभीर व्हायचा. "दोनी सारख्यो तापल्यो की जावया. अर्धी आजारी गाडी घेऊन आयेच्या दारात जाऊचा नाय." आई जाऊन बारा वर्षं झाली होती. गावचं घर मात्र त्याच्या लेखी अजून आईचंच होतं.

तो गेला, आणि तेराव्याला नातेवाईक गाडीभोवती उभे राहून तिचं काय करायचं यावर बोलायला लागले. भंगारात द्या, कुणाला तरी देऊन टाका. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एकदा उजवी नळी तापू दे, मग हवं ते करा. वहिनीने मला त्याची पान्यांची पेटी आणून दिली.

मागच्या रविवारी बसले. डोकं विलक्षण चालत होतं. पेट्रोलच्या बाजूचं सगळं त्याने तीन महिन्यांत तपासलं होतं. उरली हवा. दोन्ही कार्ब्युरेटर काढून मी उन्हात धरले. फिल्टरच्या बाजूला तोंडाशी दोन बारीक भोकं असतात, हवा आत घ्यायची, एक गाडी पळताना, दुसरं ती जागेवर चालू असताना. डाव्याची दोन्ही खोल, काळी. उजव्याच्या दुसऱ्या भोकात तळाशी काहीतरी फिकट. मी ओरडलेच. वहिनी धावत खाली आली. खराट्याची हीर सोलून बारीक केली, आत घातली, हलवली, आणि तळहातावर पडली... तांदळाची गुलाबी कणी.

कुंकवाच्या अक्षतांतली. दसऱ्याला दादाने दोन्ही कार्ब्युरेटर धुऊन पुसून पाटावर मांडले होते, पान्यांच्या शेजारी, तोंडं वर करून. पूजा दरवर्षीप्रमाणे मी केली होती. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "निवडून घे गं, कणी नको, अक्षता अखंड लागतात." मी म्हटलं होतं, "चालतंय गं, लोखंडाला काय कळतंय?" अख्खा दाणा त्या भोकात शिरलाच नसता. तुटका होता म्हणून शिरला. आणि दादा प्रत्येक वेळी तोंडाकडून फुंकून त्याला आणखी आत ठोकत होता.

आधी मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले, कारण हे ऐकून तो कसा हसला असता ते मला दिसत होतं. पुढची वीस वर्षं प्रत्येक दसऱ्याला त्याने मला पिडलं असतं. आणि मग रडले. त्याचा शिमगा मी माझ्या हाताने अडवला होता. वहिनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वेडी आहेस का? तीन महिने रोज सकाळी लग्नाला निघाल्यासारखे खाली जायचे ते."

कार्ब्युरेटर बसवले. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पाच मिनिटं जागेवर चालू ठेवली. चमचा वहिनीच्या हातात दिला. डावीवर चुर्र. मग उजवीकडे तिने हात नेला, थांबली, आणि चार थेंब सोडले.

चुर्र!

वहिनी जिन्याकडे तोंड करून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, तापली!"

शिमग्याला आम्ही दोघी निघतोय. चालवणार मी, मागे वहिनी, चमचा तिच्या पर्समध्ये. आईच्या दारात गाडी चालूच ठेवणार आहे, थेंब सोडून होईपर्यंत.