मिक्स मीडियातल्या सासूबाई

माझ्या सासूबाईंवर मी कधीही करणी केलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. मुरूम गावातल्या आमच्या गल्लीत याबद्दल मतभेद आहेत.

झालं असं, की आत्याबाईंची (म्हणजे सासूबाईंची) एकसष्टी जवळ आली होती, आणि मोबाईलवर विणकामाचे व्हिडिओ बघून बघून माझ्या अंगात कला आली होती. मागच्या खोलीत मोडक्या बाजेच्या चौकटीला खिळे ठोकले, सुतळीचा ताणा ओढला आणि गुपचूप आत्याबाईंचं चित्र विणायला घेतलं. तेही साधंसुधं नाही, मिक्स मीडिया! व्हिडिओतली बाई सांगायची, ज्याचं चित्र त्याच्याच वस्तू विणा, म्हणजे त्यात जीव येतो. म्हणून मी आत्याबाईंच्या जुन्या इरकलीच्या पदराची पट्टी कापली. त्या विंचरून झालं की गुंतवळ खिडकीत खोचून ठेवायच्या, भांडीवालीला द्यायला. केसांसाठी मी तेच उचललं. डोळ्यांना दोन बिब्बे, ओठांना वाळकी लाल मिरची, आणि वीण सुटू नये म्हणून जागोजाग टाचण्या. (आता लिहिताना माझ्याही लक्षात येतंय. तेव्हा, देवाशपथ, आलं नव्हतं!)

आधी बोंब झाली गुंतवळाची.

“माजं गुंतवळ कुणी नेलं?”

“वाऱ्यानं उडालं असंल, आत्याबाई.”

“आन इरकल पण वाऱ्यानंच कातरली व्हय?” त्यांनी पदर माझ्या नाकासमोर धरला. “केस गेले, कापड कातरलं. ही भानामती हाय!”

खरं सांगावं तर भेटीचं गुपित फुटतं, म्हणून मी गप्प बसले. पण आमच्याकडं भानामती म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. केली कुणी?

संशय गेला शेजारच्या सुमनकाकूंवर. दोघी बरोबरीनंच या गल्लीत सुना म्हणून आल्या, तेव्हापासूनच्या मैत्रिणी. काकू रोज ताकाचा तांब्या घेऊन यायच्या आणि बसायच्या नेमक्या त्याच खिडकीखाली! एवढा पुरावा आत्याबाईंना पुरला. काकूंची पाठ वळली की ताक कढीपत्त्याच्या बुडाशी जायला लागलं. कढीपत्त्याला ताक मानवतं, तो तरारून आला.

“बघ, कसा फोफावलाय! साधं ताक असं करतंय व्हय?” (वाळला असता तरी त्या हेच म्हणाल्या असत्या.)

मग फर्मान सुटलं. “एकसष्टीला सुमीनं मला ओवाळायचं न्हाय.” त्यावरही समाधान होईना. करणीची बाहुली घरातच कुठंतरी दडवलेली असणार, म्हणून त्यांनी डबे, फडताळ, धान्याची पोती, सगळं धुंडाळायला काढलं.

इकडं काकू कुंपणाशी येऊन डोळ्याला पदर लावून उभ्या. “वनिता, माजं काय चुकलं गं? कमळी माज्याशी धड बोलंना.”

माझ्या हौसेपायी दोघींची उभ्या जन्माची मैत्री तुटायला आली होती. भेट गेली खड्ड्यात! “काकू, घरात चला. सगळं दाखवते,” म्हणून मी त्यांचा हात धरला.

आम्ही उंबरा ओलांडतोय तोच मागच्या खोलीतून किंकाळी! आत्याबाई शोधत शोधत तिथं पोचल्या होत्या. समोर त्यांचीच साडी, त्यांचेच केस, बिब्ब्याचे डोळे आणि अंगभर टाचण्या.

“सुमे, मेले गं!” म्हणत त्यांनी काकूंच्याच गळ्यात मिठी मारली. “सूनच निघाली! आन म्या तुज्यावर आळ घेतला!”

“आत्याबाई, ही तुमच्या एकसष्टीची भेट आहे! मिक्स मीडिया!”

“आगं बया, मीडियाला पण सांगितलंस?”

काकू मात्र धीराच्या. त्यांनी चित्राजवळ जाऊन मान इकडून तिकडून वाकडी करून पाहिलं.

“कमळे, भिऊ नगं. ही तू न्हाईसच. ह्यो तर तुजा ल्योक हाय.”

आत्याबाईंनी डोळे किलकिले केले. “व्हय की गं! सत्याच हाय. मिशीसुदिक हाय.” (ती मिशी नव्हती. ती मी गुंतवळानं विणलेली नाकाखालची सावली होती!)

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आत्याबाई हळूच म्हणाल्या, “तरीच!”

“काय तरीच?” काकूंनी विचारलं.

“तरीच ल्योक बायकूच्या शब्दाभाईर जाईना. वशीकरण केलंय हिनं!”

एकसष्टीला आत्याबाईंना काकूंनीच ओवाळलं, आणि ते बघून मला खरंच रडू आलं. दोघींचं पुन्हा गूळपीठ जमलंय. फक्त मी चहा केला की आधी मला घोटभर प्यायला लावतात आणि माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

वशीकरण म्हणे! गळका नळ दुरुस्त करा म्हणून ज्याला सांगून सांगून माझी जीभ झिजली, तो माणूस माझ्या मुठीत! पण खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि त्या चित्रात ह्यांच्या बनियनची एक पट्टी विणून पाहिली.

नळ अजून गळतोय.