सारिकाचा डबा

मंडळी, आज दुपारचं दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

इस्लामपूरजवळच्या आमच्या दूध डेअरीत पॅकिंगला माण तालुक्यातली सारिका नवीन लागलीय. आठवडाभर एकटीच जेवायची. आज मला, तिच्या सुपरवायझरला, म्हणाली, "मॅडम, उद्यापासून न्हाई येणार."

मी समजावत बसले. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या आक्कांनी मात्र सरळ तिचा डबा उघडला. "नवी आली की पहिल्या दिवशी तिचा डबा सगळ्यांनी खायचा, ही आपली रीत. आमीच इसरलो गं."

तिच्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा प्रत्येकीनं घेतला. तिच्यापुढं सगळ्यांची कालवणं आली.

तासाभरानं मशीनवर दुधाची पिशवी गळताना दिसली, तर सारिकाच ओरडली, "आवं आक्का, मशीन थांबवा." तिचा एवढा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. मी थक्क.

सुटताना सारिका विचारते, "आक्का, उद्या भाकरी किती आणू?"

तुमच्या कामावर तुमचा डबा पहिल्यांदा कोणी उघडला होता?