फाटकाशी मोल्दा

स्टेइनुनच्या घोड्यांना चारा लागत नाही. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या ओंडक्यांतून ती घोडे घडवते. गेल्या तीस वर्षांत तिला दुसरं काही सुचलेलं नाही. जेवायला बोलावलं तर बाई माझ्या टेबलाचे पाय न्याहाळत बसते. मी तिची शेजारीण. तिच्या या वेडाला नावं ठेवणारी मीच, आणि दुसऱ्या कुणी ठेवली तर भांडणारीही मीच.

एका वसंतात आमच्या गावातल्या ब्रांदुरने आपली घोडी मोल्दा स्पर्धेसाठी जर्मनीला पाठवली. रोगराई येऊ नये म्हणून आइसलँडचा कायदाच असा, की बाहेर गेलेला घोडा परत येत नाही. ब्रांदुरला हे चांगलं ठाऊक होतं. सही त्यानेच केली, आणि नंतर तबेल्याकडे फिरकणं सोडलं. माणूस पार खचला. शेवटी स्टेइनुनने त्याला शब्द दिला, की शरद ऋतूत मेंढ्या डोंगरावरून उतरतील त्या दिवशी मोल्दा त्याच्या फाटकाशी उभी असेल.

उन्हाळाभर ती खपली. घोडी इतकी जिवंत उतरली की मला मागून जायची भीती वाटली. ब्रांदुरने मात्र एक फेरी मारली आणि म्हणाला, "घोडी झकास आहे. पण ही मोल्दा नव्हे. हिच्यावर बसलो तर बिअर सांडेल."

आमच्याकडे भरलेला ग्लास हातात धरून घोडा पळवतात. चारही पाय एकेक करून पडले तरच थेंब सांडत नाही. घोडी रुबाबदार दिसावी म्हणून स्टेइनुनने दोन पाय एकदम उचलले होते. तीस वर्षं घोडे घडवणाऱ्या बाईची ही चूक! पण ती रुसली नाही. ब्रांदुरला माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवलं आणि म्हणाली, "वाजवून दाखव बघू, कशी चालायची ती."

सत्तरीच्या ब्रांदुरने टेबलावर बोटांनी मोल्दाची चाल धरली. वाजवता वाजवता तो रडला. स्टेइनुनने त्याच दुपारी करवत घेऊन घोडीचे ते उचललेले दोन्ही पाय कापून काढले आणि त्या ठेक्यावर नवे घडवायला घेतले.

मेंढ्या उतरल्या तेव्हा मोल्दा फाटकाशी होती. आम्ही तिला शेवटचं पाहिलं होतं तशीच, समुद्राकडे तोंड करून निघालेली. ब्रांदुर बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिला.

"हीच ती," तो म्हणाला. "फक्त तोंड घराकडे कर."

आम्ही सहा जणांनी घोडी उचलून वळवली. ब्रांदुरने पुढे होऊन फाटक उघडलं.