विलिमाइनाची शेवटची दोन वाक्यं

शनिवारची सकाळ. विलिमाइना कढईत बाबाकाऊ, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळत होती आणि तिचा नवरा आपिसाई लिंबाच्या पानांचा चहा गाळत होता. तेवढ्यात दार वाजलं. दारात इसिरेली, तिच्या ऑफिसातला वरिष्ठ. बगलेत लॅपटॉप, चपला आधीच काढलेल्या.

"वास बसथांब्यापर्यंत आलाय," तो म्हणाला. "तुमच्या गावचे लोक दार लावून खातात म्हणतात, ते खरंच की."

"आणि तुमच्या गावचे बरोबर तळणाच्या वेळेला दार वाजवतात. बस."

दोघांच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चेष्टेचं नातं. वाट्टेल ते बोलावं आणि कोणी राग मानू नये. आपिसाईने आणखी एक कप काढला. पण आज इसिरेली चटईवर टेकला तो विलिमाइनाची नजर चुकवतच.

"ऑकलंडच्या मालकांचा निरोप आलाय. तुझी वर्णनं लांबलचक आहेत म्हणतात. एजंटला वाचायला जितकं जास्त, तितका खर्च जास्त. सोमवारपासून प्रत्येक साधनाला एकच ओळ."

विलिमाइनाने झारा खाली ठेवला.

राजधानी सुवातल्या त्यांच्या छोट्या कंपनीचं काम म्हणजे बेटाबेटांवरच्या शाळा-दवाखान्यांतले संगणक चोरांपासून राखणं. पहारा आता एआय एजंट देतो. धोक्याची सूचना आली की काय करायचं ते तोच ठरवतो: कुणाचं खातं गोठवायचं, एखादी फाइल अडकवून ठेवायची, की अख्खा संगणकच नेटवर्कपासून तोडायचा. पण प्रत्येक साधनाबद्दल जे लिहून ठेवलंय, तेवढंच त्या बिचाऱ्याला ठाऊक. ते लिहिते विलिमाइना. त्याआधी ती कितीतरी वर्षं रेडिओवर बोटींच्या सूचना वाचायची. बोट कुठे जाणार याच्या जोडीला कुठे थांबणार नाही, हेही सांगायची सवय तिला तिथेच लागली. तेवढं सांगायचं राहिलं, की कोणीतरी पोराबाळांसकट, कोंबड्यांसकट दिवसभर धक्क्यावर ताटकळत बसायचं.

"काय काय काढतायत?" तिने विचारलं.

"'संगणक तोडा'ची शेवटची दोन वाक्यं."

ती तिला पाठच होती. 'तोडलेला संगणक इथून परत जोडता येत नाही, त्याच्यापाशी माणूस जावा लागतो, म्हणून बेटावर तंत्रज्ञ नसेल तर आधी कामावरच्या माणसाला विचारा. संशय फक्त खात्याचा असेल तर हे साधन वापरू नका, खातं गोठवा.'

"मग उरलं काय?"

"'धोका थांबवतो.'"

"अरे, धोका सगळीच साधनं थांबवतात. त्याने निवडायचं कशावरून? ऑकलंडला तंत्रज्ञ गाडी काढतो आणि जेवणाआधी परत येतो. लांबच्या लाऊ बेटांवर पुढची बोट कधी आहे, सांग बरं?"

इसिरेलीने डोकं खाजवलं. "या आठवड्यात नाही."

"तिथल्या दवाखान्यात संगणक एकच. नर्स त्यावरूनच सुवाच्या डॉक्टरांना विचारते. तो तोडला तर तिने विचारायचं कोणाला?"

"मला पटतंय गं. पण त्यांना कसं पटवू?"

"तुझ्याकडे एजंटची चाचणीची प्रत आहे ना? तीत खऱ्या कुठल्या मशीनला धक्का लागत नाही. उघड."

बाबाकाऊचं ताट बाजूला सरकवून दोघांनी एक खोटी सूचना रचली: लांबच्या बेटावरचा दवाखाना, नर्सच्या खात्यात परदेशातून कोणीतरी शिरलंय. आधी छोटं वर्णन दिलं. एजंटने क्षणभरही न थांबता संगणक तोडला. कारण दिलं, धोका थांबवण्यासाठी. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

मग विलिमाइनाचं वर्णन दिलं. एजंटने खातं गोठवलं, संगणकाला हात लावला नाही, आणि कामावरच्या माणसासाठी प्रश्न ठेवला: 'या बेटावर तंत्रज्ञ आहे का? संगणक तोडायची गरज सध्या दिसत नाही.'

विलिमाइना ती ओळ बघत राहिली. रेडिओवर होती तेव्हा बाजारात लोक नुसत्या आवाजावरून तिला ओळखायचे. या कामात तिला ओळखणारं कोणी नव्हतं. पण तिने लिहिलेलं कोणीतरी नीट वाचलं होतं आणि वाचून हात आवरला होता. तिची मान आपोआप ताठ झाली.

"बघितलंस?" आपिसाई इसिरेलीला म्हणाला. जणू वाक्यं त्यानेच लिहिली होती.

"बघितलं. यंत्रसुद्धा तुझ्या बायकोचं ऐकतं. तू कधी ऐकणार?"

"मला एवढं स्पष्ट कोणी लिहून देत नाही."

विलिमाइना हसली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "'फाइल अडकवा' मात्र खरंच फुगलंय. त्यातली पहिली तीन वाक्यं मी हौसेने लिहिली होती. काढून टाक." तिने स्वतःच ती पुसली.

इसिरेली उठला. जाता जाता एक बाबाकाऊ त्याने हातात घेतलाच. "सोमवारी हे दाखवतो त्यांना. आणखी काही सांगू? वर्णनाखाली तुझं नाव घालायला सांगू का?"

"नाव वाचून एजंट काय करणार?" ती म्हणाली. "एवढंच सांग. माझं वाक्य काढायचं असेल तर खुशाल काढा. पण काढण्याआधी हीच चाचणी एकदा करून बघा."