कॉरिडॉरमधला हनोईचा किल्ला

माझा नवरा दिवाळीचा किल्ला करायला बसला की मी दारात उभी राहून लिफ्टकडे बघत राहायचे. आम्ही सिंगापूरला, बुकित पंजांग भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. दाराबाहेर अरुंद कॉरिडॉर, आणि तिथे सामान ठेवू नये, वाट अडवू नये, असा फलक लिफ्टपाशीच ठळक लावलेला. पण हा माणूस नर्सरीतून मातीच्या पिशव्या आणणार, मोज्यांत गुंडाळून पुण्याहून आणलेले मावळे बाहेर काढणार, उतारावर अळीव पेरणार. कुणी तक्रार केली तर, असं मी दर वर्षी विचारायचे. तो दर वर्षी म्हणायचा, "कोण करतंय?" मी भित्री आहे हे आमच्या घरात सर्वमान्य होतं, आणि मलाही ते मान्यच होतं.

त्या वर्षी शेजारणीचे वडील हनोईहून तिच्याकडे राहायला आले होते. शेजारीण नोकरीसाठी इथे आलेली आणि मग इथलीच झालेली. आजोबांना मात्र इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. आमच्या मुलीचं त्यावाचून काही अडलं नाही. ती पहिलीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसायची आणि दोघं आपापल्या भाषेत बोलायची.

माती ओतली तशी आजोबा स्टूल घेऊन येऊन बसले. आमचा नेहमीचा डोंगरी किल्ला आकाराला यायला लागला, तशी ते मान हलवायला लागले. मग त्यांनी बोटाने मातीत आपला किल्ला काढला: सपाट, कोपऱ्यांना टोकं, भोवती पाण्याचा खंदक. शेजारणीने सांगितलं, हा हनोईचा. नवरा हरखून गेला. "यंदा हनोईच!" त्याने जाहीर केलं, आणि हनोईच्या तटावर भगव्या पागोट्यांचे मावळे पहाऱ्याला उभे राहिले. माझी निळी ओढणी नदी म्हणून गेली. मुलीची प्लास्टिकची माणसं किल्ल्यावर चालून येणारे फ्रेंच झाली.

मग आजोबांनी ती हकिगत सांगितली आणि शेजारीण ती इंग्रजीत सांगत गेली. फ्रेंचांची जहाजं नदीत येऊन उभी राहिली. सकाळी तोफा सुरू झाल्या. किल्ल्यातले लोक लढत होते, आणि तेवढ्यात आतलं दारूचं कोठारच उडालं. त्यानंतर काही हाती राहिलं नाही. किल्लेदाराने आपल्या माणसांना जायला सांगितलं आणि स्वतः एका झाडाला गळफास लावून घेतला. आजोबांचे पणजोबा उत्तर दरवाजावर पहाऱ्याला होते. त्या दरवाजावर तोफगोळ्यांच्या खुणा अजून आहेत, असं म्हणून आजोबांनी आमच्या ओल्या मातीच्या दरवाजात बोट खुपसून भोकं पाडली. मी मुलीला आंघोळीच्या निमित्ताने आत नेलं.

आता आमची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. दिवाळीचा किल्ला शेवटी उडवतात. भाऊबीज झाली की पोरं त्यात सुतळी बॉम्ब पुरतात, आणि इतके दिवस जपलेला किल्ला हसत हसत उडवतात. सिंगापूरला फटाके वाजवायची बंदी. म्हणून नवऱ्याने तोड काढली होती: बिस्किटाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून आत टम्म फुगवलेला फुगा घालायचा, डबा मातीत पुरायचा आणि साते कबाब खाऊन उरलेली टोकदार काडी त्या भोकात खुपसून फुगा फोडायचा. त्या वर्षी त्याने डबा बरोबर दारूच्या कोठाराच्या जागी पुरला आणि त्यावर तो स्वतःच खूष होता. आजोबांना आधी सांगायला हवं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आम्हाला किल्ला उडवणं म्हणजे गणपती बुडवण्याइतकं साधं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. आवाज झाला तो माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठा. कॉरिडॉरमध्ये तो घुमला. मी धावत बाहेर आले तर उत्तरेकडचा तट ढासळून माती भिंतीपर्यंत पसरलेली आणि नवरा झाडू शोधत आत येत होता.

"पोर कुठंय?"

"ही काय इथे..." म्हणत तो वळला. स्टूल आडवं पडलं होतं. मुलगी नव्हती. आजोबा नव्हते.

शेजारचं दार सताड उघडं होतं. मी आत शिरून हाका मारल्या, बेडरूम पाहिली, बाथरूम पाहिलं. कुणी नाही. त्याच वेळी लिफ्टमधून शेजारीण भाजीच्या पिशव्या घेऊन आली. आम्ही सांगताच तिने पिशव्या तिथेच टाकल्या. या वर्षी त्यांचं डोकं मधूनमधून काळ विसरतं, ती म्हणाली, म्हणूनच इथे आणलंय. लहानपणी त्यांच्या गल्लीवर बॉम्ब पडलेत. कधी ते त्या दिवसांत जातात, कधी त्याही मागे, ऐकलेल्या गोष्टींत.

मी खाली धावले. खेळायच्या जागी पाहिलं, बसस्टॉपवर पाहिलं. मग मी झाडांकडे बघायला लागले. वर, फांद्यांकडे. माझी मुलगी हरवली होती आणि मी एका म्हाताऱ्या माणसाला झाडांवर शोधत होते. देवाला काय मागायचं तेही सुचेना.

शेजारणीचा फोन आला. "वर या. स्टोअर."

इथल्या नव्या इमारतींत प्रत्येक फ्लॅटला बॉम्ब शेल्टर असतं. जाड भिंतींची लहानशी खोली आणि तिला लोखंडी दार. युद्ध झालं तर लपायला. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक त्यात तांदूळ आणि रिकाम्या बॅगा ठेवतात आणि तिला स्टोअर म्हणतात. मघाशी शेजारणीच्या घरात मी त्याच दारासमोरून गेले होते, आणि ते नुसतं सामानाच्या खोलीचं दार समजून पुढे गेले होते.

ते आतून बंद होतं. नवरा त्यावर मुठी आपटत होता. "उघडा! अहो, उघडा!" शेजारीण त्यांच्या भाषेत ओरडत होती. प्रत्येक ठोशाला आतून कण्हल्यासारखा आवाज येत होता, आणि तो माझ्या मुलीचा नव्हता. मला एकदम कळलं आत काय ऐकू येत असणार. मी नवऱ्याचा हात धरला. "थांब. अरे, दार फोडणारे आपणच आहोत."

मी हवेच्या झरोक्याशी तोंड नेलं आणि मुलीला हाक मारली.

"आई, डोन्ट शाऊट लाह," आतून शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत बारीक आवाज आला. "आजोबा क्राइंग."

"तुला लागलंय का?"

"नो. आजोबा होल्डिंग मी. व्हेरी टाइट."

मी तिथेच फरशीवर बसले. शेजारीणही बसली आणि अगदी हळू, अंगाई म्हणावी तशी बोलत राहिली. नवरा मातीने भरलेले हात पुढे धरून उभा होता. आता काय करायचं, ते त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने कडी सरकली. दार फटीएवढं उघडलं. आजोबांचा चेहरा दिसला, घामाने भिजलेला. एका हाताने माझी मुलगी छातीशी धरलेली, आणि तिच्या डोक्यावर तांदळाची रिकामी पिशवी घातलेली. त्यांनी आमच्या मागे कॉरिडॉरकडे पाहिलं, आणि घाईघाईने काहीतरी बोलले.

मला वाटलं, आता पुन्हा दार लावतील. मी दाराच्या फटीत हात घातला. "काय म्हणतायत ते?"

शेजारीण रडत होती. "म्हणतायत, बाहेर उभे राहू नका. सगळे आत या. लवकर."

त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. "तोही, म्हणतायत," शेजारीण म्हणाली.

आम्ही आत गेलो. तिथे उभं राहायलाही धड जागा नव्हती. आजोबांनी नवऱ्याचं डोकं आपल्या हाताने खाली दाबलं, भिंतीकडे सरकवलं आणि स्वतः त्याच्यासमोर आड होऊन बसले. माझा नवरा लहान मुलासारखा रडायला लागला. मी मुलीला कुशीत घेतलं आणि दार ओढून घेतलं.