दारातली बेल

रोज सकाळी दाढी आटोपली की मामा आजोबांचा हात धरून त्यांना दारापर्यंत आणायचा. आजोबांनी उंबरठ्याबाहेर एक पाऊल टाकलं की स्वयंपाकघरातली बेल वाजायची. मग तेच पाऊल परत आत.

"वाजली, अण्णा," मामा म्हणायचा.

"कोण आलं?" आजोबा विचारायचे.

"तुम्हीच आलात. या, बसा."

आणि आजोबा परक्या घरात आल्यासारखे खुर्चीच्या काठावर अंग चोरून बसायचे. आतून आई ओरडायची, "झालं का तुमचं नाटक? चहाचं पाणी होतंय इथे."

हे नाटक एकदाही चुकलं नाही. मामाला ताप असला तरी नाही, बाहेरगावचं काम असलं तरी नाही. आजोबांच्या मनगटावर घड्याळासारखा एक पट्टा होता. दाराच्या चौकटीवर साबणाच्या वडीएवढी पेटी होती. पट्टा उंबरठ्यावरून गेला की पेटी स्वयंपाकघरातल्या बेलला कळवायची. मध्ये तार नाही, काही नाही. मामानेच आणून बसवली होती ती. ज्या दिवशी बसवली त्या दिवशी आई कितीतरी दिवसांनी दुपारची झोपली.

मामाला आमच्या गल्लीत अँटेना म्हणत. लहानपणी टीव्हीवर मुंग्या आल्या की तो गच्चीवर चढायचा आणि अँटेना फिरवत तिथूनच ओरडायचा, "आलं का? आलं का?" खालून आई, म्हणजे त्याची ताई, "आलं! गेलं! अरे, होतं तसं ठेव!" असं ओरडायची. अर्ध्या गल्लीला त्या दोघांमुळेच कळायचं की टीव्हीवर काय चाललंय. पुढे टीव्ही बदलले, अँटेने भंगारात गेले, मामाचे केस विरळ झाले. नाव तेवढं राहिलं. लग्न त्याने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सिग्नलच नाही आला." माझे वडील गेल्यावर आई मला घेऊन या घरी परत आली, तेव्हा त्याने स्वतःची खोली आम्हाला दिली आणि तो दुकानाच्या माळ्यावर झोपू लागला. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. आईनेही कधी विचारलं नाही.

खाली दुकान होतं, मोबाइल दुरुस्तीचं. काउंटरवर उघडे पडलेले फोन, भिंग लावलेला दिवा, सोल्डरचा जळका वास. आणि कपाटात वरच्या फळीवर, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, त्याचं ड्रोन. त्याला तो घार म्हणायचा. कुणाच्या प्लॉटचे फोटो, कुणाच्या कारखान्याचं गळकं छप्पर, कधी एखादं लग्न, अशी कामं घार करायची. घारीला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. मला फक्त गच्चीवर उभं राहून रिमोटच्या पडद्यावर ओढणीची सावली धरता यायची. उन्हात त्याशिवाय चित्र दिसत नसे.

आजोबा पंपहाऊसवर ऑपरेटर होते. गावाच्या कडेला गोदामांची रांग, त्यापलीकडे पाणथळ, आणि पाणथळीच्या दुसऱ्या टोकाला ते पंपहाऊस. सगळी नोकरी त्यांनी तिथेच काढली. पाणथळीला वळसा घालून जाणाऱ्या बांधावरून जायचं आणि त्याच बांधावरून परत यायचं. पंपहाऊस कधीच बंद पडलं होतं. त्याच्याकडे जाणारा कालवा गाळाने भरला, वर हिरवं शेवाळ आणि गवत पसरलं, भोवती माणसापेक्षा उंच लव्हाळे माजले. लांबून ते कुरण वाटायचं. पण आजोबांच्या डोक्यातून बाकी सगळं पुसलं गेलं तरी ड्यूटी पुसली गेली नव्हती. बूट घालून, टॉर्च खिशात टाकून ते कधीही निघू शकत.

गेल्या वर्षी एकदा निघालेच. मामाने घार उडवली. ती गोदामांच्या वर पोचली आणि चित्र तुटायला लागलं. पत्रे, लोखंड, मोबाइलचे मनोरे, सगळ्या गोंगाटात तिचा आवाज हरवायचा. पडद्यावर आधी चौकोन पडले, मग काळं झालं. संपर्क तुटला की घार आपोआप घरी परतायची, तशी ती परतली. मामा मात्र काळ्या पडद्याकडे बघत तसाच उभा राहिला. आजोबांना अंधार पडताना एका ट्रकवाल्याने आणून सोडलं. ते बांधावर बसले होते म्हणे, कुणाची तरी वाट बघत.

त्या दिवसानंतर दोन गोष्टी झाल्या. दारात बेल आली, आणि मामाने घारीचा पल्ला वाढवायचा ध्यास घेतला.

आमच्या दुकानात रोज संध्याकाळी एक काका येऊन बसायचे. पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले; सगळे त्यांना बिनतारी काकाच म्हणत. मामाने रिमोट उघडून त्याच्या पाठीवर काडेपेटीएवढी एक डबी बसवली होती. तिला वेगळी बॅटरी होती आणि वर दोन जाड अँटेने. डबी चालू केली की इतकी तापायची की हात लावला तर चटका बसे. काकांनी ती बघितली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"रिमोटचा आवाज मोठा केलाय, काका."

"किती?"

मामा नुसता हसला.

"हवेत परवानगीपेक्षा मोठ्याने बोलायचं नसतं. कायदा आहे तो."

"मला कुठे भांडायचंय? म्हातारा सापडला म्हणजे झालं. पंपहाऊसपर्यंत दिसायला हवं, बस."

"तुझं घारीला ऐकू जाईल रे. तिचं तुला? तिच्या पोटात तर जुनाच आवाज आहे ना?"

"गच्चीवरून मध्ये आडवं काही येत नाही. अँटेने चांगले आहेत, पकडतील तिचंही."

"आणि तुझ्या या बोंबलण्याखाली कुणाकुणाची कुजबुज बुडेल, त्याचं काय?"

"कुणाची बुडणार? शेजाऱ्यांचं वायफाय? बरं होईल, माझा पासवर्ड मागायचे तरी थांबतील."

काकाही हसले. मीही हसले. त्या हसण्यात ते वाक्य कुठल्या कुठे वाहून गेलं.

मग दुपारच्या चाचण्या सुरू झाल्या. मामा दुकान अर्धं लावून वर यायचा. घार रोज थोडी पुढे जायची. गोदामं ओलांडली, बांध दिसला, लव्हाळ्यांचे शेंडे दिसले. घरात मात्र बारीकसारीक काहीतरी बिघडत होतं. आईचा एक बिनतारी स्पीकर होता, स्वयंपाक करताना ती त्यावर गाणी लावायची. घार उडाली की गाणं अडखळायचं, मग गप्प व्हायचं.

"तुझ्या घारीला माझी गाणी आवडत नाहीत का रे?" आईने जेवताना विचारलं.

"तुझा गळा तरी कुठे आवडतो तिला," मामा म्हणाला. आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि आम्ही जेवत राहिलो. बेल त्या स्पीकरच्याच शेजारी, भिंतीवर होती. रोज सकाळी ती वाजायचीच. सकाळी रिमोट कपाटात, टॉवेलमध्ये असायचा.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं, वारा नव्हता. आजोबा जेवून आडवे झाले होते. आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. मामा आणि मी गच्चीवर गेलो. डबी चालू करून मामा बराच वेळ अँटेने जुळवत बसला. घार उठली, गोदामांवरून गेली, बांधावरून गेली, आणि पडद्यावर पहिल्यांदाच पंपहाऊस आलं. ढासळलेला जिना, गंजलेलं दार, छपरावर उगवलेलं झुडूप, सगळं स्वच्छ.

"आलं!" मामा लहान मुलासारखा ओरडला. "ताई, आलं!"

मामाने घार हळूच वळवली आणि बांधाकडे आणली. बांधावरून कुणीतरी चाललं होतं. वरून माणूस म्हणजे एक टाळू आणि दोन हलणारे हात.

"बघ," मामा मला म्हणाला, "अगदी अण्णांसारखा चालतोय. तोच डावा खांदा खाली."

मामाने घार खाली आणली. माझ्या हातातली ओढणी खाली आली. पडद्यावर ऊन पडलं आणि चित्र पुसलं गेलं. मी घाईघाईने पुन्हा सावली धरली. तो माणूस टॉर्च काढून भर उन्हात लावत होता.

"ताई!" मामाचा आवाज वेगळाच आला. "अण्णा कुठेत?"

खाली आई बेलच्या समोरच बसली होती. नंतर ती सांगायची की मध्येच एकदा भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं होतं. दार उघडल्याशिवाय त्या खोलीत वारा येत नसे. तिने मान वर केली होती. बेल गप्प होती, म्हणून तिने पुन्हा शेंगांत हात घातला.

मामा जिन्यावरून उतरला तो गळ्यात अडकवलेला रिमोट हातात धरूनच. घार त्याने तिथेच, आजोबांच्या डोक्यावर थांबवून ठेवली होती. आई आणि मी त्याच्यामागे धावलो. गोदामांच्या शेवटी दोन वाटा फुटतात; एक बांधावरून लांबची, आणि दुसरी सरळ लव्हाळ्यांत शिरणारी. मामाने पडदा आमच्यापुढे धरला. पाण्याच्या अगदी कडेला, लव्हाळ्यांना टेकून आजोबा उभे होते. पुढचं पाऊल टाकलं असतं तर पाण्यातच.

"हलत नाहीयेत," मामा म्हणाला. "तोल जाईल त्यांचा. तुम्ही बांधावरून या. मी इथून जातो."

तो लव्हाळ्यांत शिरला. शेंडे हलले आणि मिटले. थोडा वेळ त्याच्या हाका ऐकू येत होत्या, "अण्णा! अण्णा, तिथेच थांबा!"

आम्ही धापा टाकत पंपहाऊसला पोचलो तेव्हा आजोबा जिन्याच्या पायरीवर बसले होते. कोरडे, स्वस्थ. टॉर्च मांडीवर. वर घार घोंघावत होती.

"पाळी बदलली का?" त्यांनी आईला विचारलं.

आईने मामाला हाक मारली. मी मारली. उत्तरादाखल फक्त घारीची घरघर येत होती. ती हलत नव्हती, परतत नव्हती. बघता बघता तिची बॅटरी संपत आली, आणि ती आपणहून लव्हाळ्यांपलीकडे, त्या हिरव्या कुरणासारख्या जागेवर उतरली. मग तीही घरघर थांबली.

मामाला कालव्याच्या गाळातून बाहेर काढलं तेव्हा बिनतारी काका बांधावर उभे होते. रिमोट त्याच्या गळ्यातच होता; गवतावर अडकून तो बुडाला नव्हता. काका सांगत होते, बहुतेक स्वतःलाच. गच्चीवरून घारीचा आवाज नीट पोचत होता. खाली आल्यावर, गोदामांच्या आड, तो पोचेना. पडद्यावरचं चित्र तिथेच गोठलं. आजोबा केव्हाच पुढे गेले होते, चित्रातले आजोबा मात्र पाण्याकाठी उभेच होते. नेहमीची घार असती तर संपर्क तुटला म्हणून घरी वळली असती आणि मामाला कळलं असतं. पण मामाचा आवाज तिला शेवटपर्यंत ऐकू जात होता. काही तुटलंय हे तिला कळलंच नाही.

बेलचं त्यांनी सांगितलं नाही. ते आम्हाला घरीच कळलं. अंधार पडल्यावर शेजाऱ्यांनी आजोबांना हाताला धरून आणलं. त्यांनी उंबरठा ओलांडला आणि स्वयंपाकघरात बेल वाजली, मोठ्याने, स्वच्छ, रोजच्यासारखी. डबी तोपर्यंत गार झाली होती.

"कोण आलं?" आजोबांनी विचारलं.

खोली माणसांनी भरली होती. आजोबा खुर्चीच्या काठावर अंग चोरून बसले.

त्यानंतर आईने गाणी लावली नाहीत. बेल अजून भिंतीवर आहे. सकाळी आजोबांना दारापर्यंत आता मी नेते. आईला मात्र त्या दुपारचं सगळं आठवत नाही. लव्हाळ्यांच्या तोंडाशी मामा काय बोलला तेही ती मला पुन्हा पुन्हा विचारते. तिला आठवतं ते त्याच्या थोडं आधीचं. दुपारची जेवणं झाली होती, मामा टॉवेलमधून घार काढून जिन्याकडे निघाला होता. पहिल्या पायरीवर तो थांबला, स्वयंपाकघरात डोकावला, ताटलीतले दोन सोललेले दाणे उचलून तोंडात टाकले आणि म्हणाला,

"बेल वाजली तर हाक मार गं ताई. मी वरच आहे."