दादाचं न घासलेलं लोखंड

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. "बेबीताई, हे उठत नाहीयेत," एवढंच शोभावहिनी म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर मला आधी रागच आला. कारण आदल्या संध्याकाळीच दादाने फोन करून सांगितलं होतं, उद्या येताना बडा गणपतीजवळच्या पंसारीच्या दुकानातून लवंगेचं तेल घेऊन ये, इथला दुकानदार भेसळ करतो. बीपीची गोळी घेतली का विचारलं तर म्हणाला, "गोळीचं सोड, तेल विसरू नको." तेल मी लगेच आणून ठेवलं होतं. ती बाटली पर्समध्ये होती आणि ज्याने मागितली तो गेलेला... वहिनींच्या हातात बाटली दिली आणि मग आम्ही दोघी रडलो.

माझा थोरला भाऊ यशवंत परदेशीपुऱ्यात 'भालेवाले भिया' म्हणून माहीत होता; भिया म्हणजे आमच्याकडचा भैया. नवीन माणसाला वाटायचं, हा भाले बनवतो की काय. दादा कापडमिलच्या रंगखात्यात होता, शेड जुळवायचं काम. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या चिंधीशी आपला रंग तंतोतंत मिळतो की नाही, हे तो ट्यूबलाइटखाली कधी बघायचा नाही, उत्तरेच्या खिडकीतच बघायचा. आणि या माणसाला छंद कसला, तर जुनी जपानी भाल्यांची पाती जमवण्याचा! आमच्याकडे येणारी मंडळी चहा पिता पिता भिंतीकडे बघत आणि मला हळूच विचारत, "ताई, भियाचं डोकं ठीक आहे ना?" मी सांगायचे, डोकं पहिल्यापासून असंच आहे, काळजी करू नका.

खरं तर हे सगळं आमच्या वडिलांपासून सुरू झालं. आबा महूच्या छावणीत, पलटणीत नाईक होते. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर त्यांची तुकडी जपानात पहाऱ्याला गेली होती. तिथे हुकूम निघाला की घराघरांतली हत्यारं जमा करा. लोक रांगेने येत आणि तलवारी, भाले ढिगावर टाकून जात. आबा त्या ढिगाजवळ उभे असत. एक म्हातारी आली, तिने तिचं हत्यार ढिगावर टाकलंच नाही. सरळ आबांच्या हातात दिलं, कमरेत वाकली आणि रडत रडत निघून गेली. पुढे साहेबाने जवानांना एकेक निशाणी न्यायची परवानगी दिली, तेव्हा आबांनी तेच मागून घेतलं. लांब दांड्याच्या टोकाला तलवारीसारखं वाकडं पातं. आम्ही पोरं त्याला भालाच म्हणायचो. म्हातारीची गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की आबांनी सुरुवात केली की आई स्वयंपाकघरात निघून जायची.

फौजी माणसाच्या घरात लोखंड चमकलंच पाहिजे. दर शनिवारी आबा ओसरीत सतरंजी टाकत. बूट, पट्ट्याचं बक्कल, मेडलं, आणि शेवटी ते पातं. बांबूची छोटी खुंटी काढली की पातं दांड्यातून बाहेर यायचं, आणि दांड्याच्या आत जाणारा लांबलचक भाग, ज्याला आम्ही शेपूट म्हणायचो, तोसुद्धा आबा पॉलिश पेपरने घासून आरशासारखा करत. आत कुणाला दिसतंय, असं आई म्हणायची. आबा म्हणत, इन्स्पेक्शनला साहेब आतलंच बघतो. आजूबाजूची मंडळीही कौतुक करत, की बघा, फौजीच्या घरात काय शिस्त आहे.

मग नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल करत माणसं गेटवर बसायची. दादाही बसला. शेवटी आबाच म्हणाले, ते पातं विकून टाकू, घराला हातभार लागेल. महूला एक निवृत्त मेजर राहत होते, हत्यारांचे जाणकार. आबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, दादाला घेऊन तिकडे गेले. मेजरसाहेबांनी खुंटी काढली, शेपूट पाहिलं आणि हसले. वाईट नाही हसले, दादा नेहमी सांगायचा, प्रेमानेच हसले. म्हणाले, जपानी जुन्या पात्याचं शेपूट कधी पुसत नाहीत. ते वर्षानुवर्षांच्या गंजाने काळपट तांबूस होतं, त्यावर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, आणि त्यावरूनच वय ओळखतात. हे तर पांढरंफटक आहे आणि नावही नाही. कुणा लोहाराने इथेच बनवलं असेल. आपको किसी ने बेवकूफ बनाया, नाईकसाहब.

आबांनी उभं राहून सॅल्यूट केला. "जी साहब" म्हणाले आणि बाहेर पडले. म्हणजे बघा, ज्या हातांनी इतकी वर्षं जीव लावून घासलं, त्याच हातांनी आबांचा शब्द खोटा पाडला होता. मोहल्ल्यात बातमी कशी पोचली देव जाणे, पण म्हातारीची गोष्ट आता लोक हसायला सांगू लागले. आबांनी शनिवारची सतरंजी टाकणं बंद केलं. आणि ती गोष्टसुद्धा पुन्हा कधी सांगितली नाही... आई एकदा आपणहून म्हणाली, सांगा ना ती जपानची गोष्ट. तर म्हणाले, कसलं जपान?

दादाला हे लागलं. मला म्हणाला, "बेबे, शेपूट गेलं तर गेलं. बाकीचं पातं तर आहे ना? त्यावरून ओळखायला शिकेन. आबा असेपर्यंत."

एवढ्यासाठी तो शिकला. परदेशीपुऱ्यातच एका छोट्या रंगाईच्या कारखान्यात लागला आणि सुटीचा दिवस महूला घालवू लागला. जुन्या बंगल्यांतली मंडळी घरं आवरून मुलांकडे चालली होती, त्यांचं सामान विकायला निघायचं. तिथे एका पेटीत त्याला जपानी हत्यारांवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याने ते वाचलं. सरळ पात्याच्या भाल्याला जपानीत 'यारी' म्हणतात हे कळल्यावर तर महिनाभर आम्हाला पिडलं. मग एक खरी यारी मिळाली, तीन धारांची, काळसर शेपटीची. मग एक आडव्या फांद्यांची. मध्ये दोन नकली गळ्यात पडल्या, त्या वहिनींनी शेवग्याच्या शेंगा काढायला घेतल्या. दादा म्हणायचा, नकलीसुद्धा पाहिजे, त्याशिवाय असली कळणार कशी. शेड जुळवायची सवयच ती. खऱ्या पात्याच्या धारेजवळ एक धुरकट नागमोडी रेघ असते, पोलादाला पाणी देताना आलेली. नकलीत ती तेजाबाने काढतात. दादा खिडकीशी उभा राहून पातं तिरपं करत राहायचा, आणि मला विचारायचा, दिसली? मला घंटा काही दिसायचं नाही. मी म्हणायचे, दिसली बाबा, आता जेवायला चल.

त्या पुस्तकात असंही होतं म्हणे की उघड्या पात्यावर बोलू नये, थुंकीचा कण उडाला तरी गंज धरतो. म्हणून दादा तोंडात रुमाल धरून काम करायचा. आमचा दादा म्हणजे अखंड बडबड. वहिनी म्हणायच्या, आठवड्यातून तेवढाच एक तास घरात शांतता असते, आणखी भाले आणा. शेवटी पात्यावर लवंगेच्या तेलाचं बोट फिरवायचा. घरभर तो वास. पाहुण्यांना वाटायचं कुणाची दाढ दुखतेय.

त्याच सुमारास पिथमपूरला गाड्यांच्या एका कारखान्यात जपानी इंजिनियर आले होते. शेजारचा पोरगा तिथे कँटीनला होता. तो एकाला रविवारी आमच्याकडे घेऊनच आला. सगळी गल्ली गोळा झाली. जपानी माणूस आहे म्हटल्यावर त्याला जपानी भाल्यांचं सगळं माहीत असणारच, याबद्दल कुणालाच शंका नव्हती! त्या बिचाऱ्याने हात जोडून सांगितलं की मला फक्त गिअरबॉक्समधलं कळतं. पण वरून जिरावन मसाला घालून पोहे दोनदा घेतले, जलेबी खाल्ली, आणि निघताना भिंतीवरच्या आबांच्या पात्याकडे बघून कमरेत वाकला. आबा कोपऱ्यात खुर्चीवर होते. त्यांनी मान वर केली आणि बघत राहिले.

आणि एका दिवाळीच्या आधी दादा महूहून धावतच आला. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. एका बंगल्याच्या माळ्यावर त्याला आबांच्या पात्याचं जुळं भावंड सापडलं होतं. वहिनींनी खाट आवरली. दादाने दोन्ही पाती शेजारी शेजारी ठेवली. टोकाकडचा तोच बाक, बुंध्याशी तीच खाच, तीच धुरकट रेघ. लांबीत बोटभर फरक. फक्त नव्याचं शेपूट काथासारखं गडद आणि आबांचं पांढरं. तोंडातला रुमाल काढून दादाने आबांना हात धरून खाटेजवळ आणलं. म्हणाला, "आबा, हा भाला नाहीच. याला नागिनाता म्हणतात. आपली खरी आहे. आणि ही बायकांची असते. तिकडे लढणाऱ्या घरांत मुलीचं लग्न झालं की तिच्यासोबत सासरी पाठवायचे. दारावर टांगून ठेवायच्या."

आबा दोन्ही पात्यांवर वाकले. मला वाटलं, आता मेजरसाहेबांचं नाव काढतील, मोहल्ल्याला दोन शिव्या घालतील. ते म्हणाले, "म्हणजे तिची माहेरची होती ती... म्हणून रडली."

मग खाली बसले आणि म्हणाले, "मी नाव घासून टाकलं रे त्यावरचं."

दादा त्यांच्या शेजारी बसला. म्हणाला, नाव आता येणार नाही. रंग येईल. कुणी हात नाही लावला तर हळूहळू आपोआप येईल, पण एका माणसाच्या आयुष्यात पुरता नाही यायचा. आबा म्हणाले, मग नका लावू हात. त्या रात्री जेवताना आबांनी म्हातारीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि आई उठून गेली नाही.

आबा गेले, मग आई गेली. दादा मेजरसाहेबांकडे कधी काही सिद्ध करायला गेला नाही. म्हणायचा, ते चूक नव्हतेच, पुस्तकाप्रमाणे बरोबर बोलले. पुढे लोक त्याच्याकडे पाती दाखवायला आणू लागले, आणि खोटं निघालं तरी तो कुणाला हसून परत पाठवत नसे. चहा पाजून आधी विचारायचा, हे तुमच्याकडे आलं कसं, ते सांगा. गोष्ट पूर्ण ऐकल्याशिवाय खुंटीला हात लावायचा नाही. मिल गेली, तिच्या जागेवर काय काय उभं राहिलं, पण आमच्या दादाचं दार उघडं असायचं आणि आत कुणीतरी आपल्या आजोबांबद्दल बोलत असायचं. दादासारखं ऐकणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

गेल्या महिन्यात दादाच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. विहारातले भंतेजी अजून यायचे होते, दादाच्या फोटोला हार घालून झाला होता. वहिनींचे भाऊ राजाभाऊ, मिलमधले जुने फिटर, भावजींच्या फोटोशेजारी त्यांची आवडती वस्तू ठेवू म्हणून आबांची नागिनाता भिंतीवरून उतरवून मागच्या अंगणात गेले. मी पाण्याचे ग्लास घेऊन तिकडे वळले तर त्यांनी खुंटी काढलेली, शेपूट मांडीवर, आणि हातात पॉलिश पेपर. "ताई, आतून गंज चढलाय हो," म्हणाले. "दोन मिनिटांत चकाचक करतो."

मी ग्लास खाली टाकले की ठेवले, आठवत नाही. पातं त्यांच्या हातातून घेतलं. आबांच्या वेळचं पांढरंफटक शेपूट मला चांगलं आठवत होतं. आता त्यावर तांबूस रंग धरला होता. पातळ, कुठे कुठे पुसट, पण खुंटीच्या भोकाशी चांगला गडद. इतकी वर्षं दादाने मला कधी काढून दाखवलं नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि मला हुंदका आवरेना. राजाभाऊ घाबरले. मी त्यांना म्हटलं, "राजाभाऊ, राहू द्या. एवढा रंग यायला दादाचा जन्म गेलाय."

आवाज ऐकून दादाची मुलगी सुजाता बाहेर आली. ती माझ्याजवळ बसली, शेपूट उजेडाकडे वळवून बघत राहिली. "आत्या, अजून गडद होईल?"

"होईल. कुणी हात नाही लावला तर."

"मग कोई नहीं लगाएगा," ती म्हणाली, आणि मामाच्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला.